छाटणीवाल्याच्या घरातलं संत्रं

ज्याला चाखल्याशिवाय संत्रं कळत नाही, त्यानं संत्र्याच्या बाजारात येऊ नये. त्यानं बटाटे विकावेत. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो. आमच्या बाजारात दिवसभर तोंड हलवणारे छाटणीवाले पुष्कळ होते. फळ उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली, मान डोलावली आणि मग म्हणणार, "गोड हाय." अरे, जीभ तर गाढवालाही असते! फळ हातावर घ्यायचं, देठाशी अंगठ्यानं जरासं दाबायचं आणि त्याचं वजन तळहातावर येऊ द्यायचं. भरलेलं फळ हात खाली ओढतं. पोकळ फळ हातावर नुसतं बसून राहतं, काम नसलेल्या पाहुण्यासारखं. बस. एवढंच असतं ते. पण एवढं यायला माणसाचे केस पिकतात.

माझी शाळा दुसरीत संपली. पुढचं जे शिकलो ते या हातांनी. सकाळी गाड्या लागत, संत्र्यांचे ढीग तणसावर ओतले जात आणि मी ढिगापाशी मांडी घालून बसे. तीन वाटे करायचे. पहिला वाटा पेट्यांत भरून दिल्ली-कलकत्त्याला. दुसरा इथल्या दुकानांना. तिसरा वाटा म्हणजे छाटण. डागी, कोळशी रोगानं काळं पडलेलं, किंवा साल फुगलेलं आणि आतून कोरडं. ते हातगाडीवाले उचलून नेत आणि सदरच्या वस्तीत नेऊन शहरातल्या शहाण्या लोकांना विकत. शहाणे लोक पिशव्या भरभरून नेत.

मी स्वतः संत्रं खात नव्हतो आणि घरीही नेत नव्हतो. ज्या म्हाताऱ्यानं मला काम शिकवलं त्याची ती रीत होती. मालाला हात लावायचा, तोंड लावायचं नाही. बाकीच्यांनी ती रीत कानाआड केली. मी धरून ठेवली. बाजाराच्या फाटकावर चौकीदार बसे. सुटी झाली की तो एकेकाची पिशवी उघडायला लावी, जेवणाचा डबासुद्धा. माझी पिशवी त्यानं कधी उघडली नाही. मी आलो की नुसतं "चला भाऊ" म्हणे आणि पाय बाजूला घेई. बावीस वर्षं. ज्या आडत्याकडे मी कामाला होतो त्या शेठनं मला कधी शाबासकी दिली नाही, देताना त्याच्या पोटात दुखलं असतं. पण ती न उघडलेली पिशवी माझी होती. मी ती रिकामी पिशवी हलवत महाल भागातल्या आमच्या गल्लीत शिरे, तेव्हा एखादा पाटील घोड्यावरून येत असावा असं मला वाटे. कोणाला तसं दिसत नसे, तो भाग वेगळा.

बायकोनं या गोष्टीवरून कधी भांडण केलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच म्हणाली होती, "अवो, शेजारीन म्हने, तुह्या घरी तं संत्र्याचे टोपलेच्या टोपले असन."

"मंग तू काय सांगतलं?"

"सांगतलं, टोपले हायेत. रिकामे."

सत्तर सालाच्या पुढेमागे तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या, मानेच्या मागून. एकदा नळावर रांगेत उभी असताना गरगरलं आणि हातातला पाण्याचा गुंड पडून चेमटला. गल्लीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचा, त्याच्याकडे नेलं. त्यानं तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि रबराचा गोळा दाबून हवा भरली, सायकलच्या ट्यूबमध्ये भरतात तशी. मग हवा सोडली. परत भरली. मला वाटलं, हा पंक्चर पाहतो की काय.

"प्रेशर आहे," तो म्हणाला. "बरंच आहे."

"कायनं झालं?"

"तसं एक कारण सांगता येत नाही."

"मंग तुमाले तरी काय मालूम," मी म्हटलं. तो हसला. मला हसणारे डॉक्टर आवडत नाहीत.

त्यानं सांगितलं, मीठ कमी करा. ही गोळी रोज सकाळी द्या, हिनं लघवी जास्त होईल, घाबरू नका. "आणि रोज फळ पाहिजे," तो म्हणाला. "दोन संत्री, नाहीतर केळी, शहाळ्याचं पाणी. या गोळीनं शरीरातलं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ते भरून काढावं लागतं. आणि महिन्याभरानं मला परत दाखवा."

मिठाचं मी ऐकलं. असं ऐकलं की घरात मिठाचा तुरुंग झाला. बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, तिचा हात पुरणार नाही तिथं. वरण अळणी, भाजी अळणी. ठेचा बंद. मीही तेच गिळलं, एक दिवस तक्रार केली नाही. गोळीही मी स्वतः तिच्या हातावर ठेवत असे आणि गिळेपर्यंत समोर उभा राहत असे. डॉक्टरच्या बापानं दिली नसती इतकी नेमानं दिली. फळाचं मात्र सोडून दिलं. कोणताही डॉक्टर कोणत्याही दुखण्याला फळं खा म्हणतोच. पाय मोडला तरी म्हणतो. मला वाटे, ती त्या लोकांची रामराम म्हणायची पद्धत आहे.

"अवो, डाक्टर संत्रं म्हनत होते," ती एकदा बोलली.

"त्याचा साळा संत्र्याच्या धंद्यात असन."

"मंग केळं?"

"दवा गोळीत असते का केळात? गोळी घेतली ना? मंग झालं."

"तुमाले बरं समजते सारं."

"समजते म्हनूनच सांगून राहिलो वं."

महिन्याभरानं दाखवायलाही नेलं नाही. दाखवायला ती काय बाजारातली गाय होती? डोकं दुखायचं थांबलं होतं. मी छाती पुढे काढून फिरत होतो, जणू माझ्याच हातानं प्रेशर खाली बसवलं.

दिवाळी गेली. आंबिया बहार जोरात होता. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, इतका माल. आणि घरी ती एक दिवस पाटा धुता धुता म्हणाली, "पायात गोळे येतेत. जिना चढाले जीव नाई राहत."

"उमर झाली."

"तुमची नाई झाली?"

"मी मेहनत करतो."

ती पाटा धूत होती. जड, दगडी पाटा, जो मी त्या घरात कधी जागचा हलवला नव्हता. तिनं तो भिंतीला टेकवला आणि हात पुसले.

मग छातीचं सुरू झालं. म्हणाली, "चालता चालता पायरी चुकते ना, तसं होते आतमंधी. एक ठोका येतच नाई. मंग तीन-चार एकदम धावत येतेत." मी म्हटलं, गॅस हाय, ओवा खा. तिनं ओवा खाल्ला. माझं ऐकण्यात तिनं कधी कसूर केली नाही, तिचं नशीब.

एका दुपारी जेवायला घरी आलो तर दाराशी बायका जमलेल्या. ती चुलीपाशी आडवी होती, हाताला कणीक तशीच, शेजारीण सुपानं वारा घालत होती. शुद्ध आली होती, पण ओठ पांढरे पडलेले. सायकलरिक्षा करून तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो. रिक्षात मी तिचं मनगट धरून बसलो. माझ्या हाताला सारं कळतं, असं मी जगाला सांगत आलो होतो. तिची नाडी बोटाखाली दोनदा टकटक झाली आणि थांबली. मी वाट पाहत राहिलो. मग एकदम सैरावैरा पळाली. परत थांबली. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताला काही कळलं नाही.

"हळू चालव ना बे!" मी रिक्षावाल्यावर ओरडलो. आणि लगेच म्हटलं, "मरगळला काय, जोरानं हाण!"

"एक काय ते बोला ना भाऊ," तो म्हणाला.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती, कोवळ्या वयाची. तिनं बायकोच्या छातीला रबरी वाट्या चिकटवल्या, हातापायांना पट्ट्या बांधल्या. यंत्रातून कागदाची लांब पट्टी निघाली, तिच्यावर करवतीच्या दातांसारखी रेघ. मला करवतीतलं समजत नाही, पण इतकं दिसलं की दात सरळ ओळीत नव्हते. बाईनं शिरेत औषध सुरू केलं, रक्त तपासायला पाठवलं. मग माझ्याकडे वळली.

"काका, या कोणती गोळी घेतात?"

मी खिशातून गोळीचं पाकीट काढून दिलं.

"आणि हिच्यासोबत काय देता? पोटॅशियमचं औषध? फळं? ज्यांनी गोळी दिली त्यांनी काही सांगितलं नव्हतं?"

मी तोंड उघडलं. पण खाटेवरून बायकोच बोलली, "सांगतलं होतं जी. मलेच ध्यान नाई राहिलं."

बाई माझ्याकडे पाहत होती. "तुम्ही काम काय करता?"

"बाजारात."

"कसल्या बाजारात?"

आता कसं सांगावं? सांगितलं. "संत्र्याच्या."

बाईचं पेन कागदावर थांबलं. दाराशी उभा असलेला शिपाई फस्सकन हसला. "घ्या! दिव्याखाली अंधार." त्याला मी तिथंच दोन ठेवून दिल्या असत्या, पण तो खरं बोलत होता आणि खरं बोलणाऱ्याला मारलं तर हात उगाच दुखतो.

बाई हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, हृदयाचा ठोका रक्तातल्या क्षारांवर चालतो. त्या गोळीनं पोटॅशियम रोज थोडं थोडं निघून गेलं, वरून काही आलं नाही. फार कमी झालं की ठोका भरकटतो. पायांतली ताकदही त्यानंच गेली. आज तुम्ही वेळेवर आणलंत. पुन्हा इतकं कमी झालं तर हृदय थांबूही शकतं. फळं खा असं म्हणतो तेव्हा ते आम्ही शोभेसाठी म्हणत नाही."

आठवडाभर ती तिथं होती. प्यायला एक पातळ औषध देत, खारट आणि कडू. तोंड वाकडं करून बायको म्हणाली, "मीठ बंद केलं, अन् हे काय देऊन राहिले?" घरी पाठवताना डॉक्टरीणबाईनं बजावलं, औषध इतके दिवस, फळ रोज, रक्ताची तपासणी सांगू तेव्हा. मी मान हलवत होतो. आयुष्यात एवढी मान मी कोणापुढे हलवली नाही.

आता संत्रं आणायचं होतं. जिथं मी बसत होतो तिथं संत्र्याचे डोंगर होते. पण रीत म्हणजे रीत. मी सायकल काढली आणि सदरला गेलो, संत्र्याच्या हातगाडीपाशी.

"लो बाबूजी, शहद है शहद!"

मी एक उचललं. हातावर नुसतं बसून राहिलं. "फुगीर हाय. आत कोरडं."

"अहो, तुमाले काय समजते संत्र्यातलं?" गाडीवाला म्हणाला. "आमी रोज हाच धंदा करतो."

मी त्याच्या गाडीकडे पाहिलं. देठाजवळ काळा डाग असलेली ती संत्री मी ओळखली. आदल्याच दिवशी माझ्याच हातानं बाजूला फेकलेली. रागानं कानशिलं तापली, पण गाडीवाल्यावर राग काढून उपयोग काय? त्यातल्या त्यात बरी दोन घेतली. घरी सोलली तर फोडी भुसकट, बियाच बिया. बायको चोखत बसली. "आंबट हाय," म्हणाली, "पन हाय." आठ दिवस मी असा जात राहिलो आणि आठ दिवस ती भुसकट चोखत राहिली. नवव्या दिवशी तिनं साल टोपल्यात टाकली आणि म्हणाली, "बावीस वर्षं तुमी भरलेली संत्री दिल्लीवाल्याच्या पेटीत घातली. माह्या वाट्याले छाटन. तुमची पिशवी रिकामी राहाले पायजे म्हनून मले किती दिवस कोरडं खाऊ घालान?"

बोलली ती एवढंच. तिचा आवाजही चढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेलो. म्हटलं, रोज दोन फळं पाहिजेत, पहिल्या वाट्यातली, पैसे देईन. शेठ म्हणाला, "अरे, टोपली घेऊन जा, तुझ्याकडून काय पैसे घ्यायचे!" असा दानशूर तो जन्मात झाला नव्हता. मी म्हटलं, पैसे घ्याल तरच नेतो. फुकट नेलं असतं तर बावीस वर्षं न खाल्लेलं सगळं एकदम खाल्ल्यासारखं झालं असतं.

ढिगातून दोन निवडली. हात खाली ओढणारी. पिशवीत टाकली आणि फाटकाशी आलो. चौकीदारानं नेहमीसारखा पाय बाजूला घेतला. "चला भाऊ."

"पिशवी पाह्य."

"अरे भाऊ, आपको कौन बोलेगा. चला ना."

"उघडून पाह्य म्हटलं ना!"

मागं रांग थांबली. चौकीदारानं माझ्याकडे पाहिलं, पिशवी घेतली, उघडली. दोन संत्री. त्यानं पिशवी परत दिली आणि खाली पाहत म्हणाला, "जा." त्या दिवसापासून माझीही पिशवी रोज उघडली जायला लागली, चारचौघांसारखी. रांगेतले खुशीत. "काय गा भाऊ, आता तुमचीबी झडती?" ज्यांच्या डब्यांतून भाकरीखाली रोज दोन फळं बाहेर जात होती, ते मला विचारत होते! कुत्र्याच्या भुंकण्याला हत्ती उत्तर देत नाही, असं मनात म्हटलं. पण पिशवी रिकामी नसली की हत्तीला तितकं रुबाबात चालता येत नाही, हेही खरं.

बहार असला की रोज दोन संत्री, संपला की केळी, उन्हाळ्यात शहाळं. पायांतले गोळे गेले. ठोका जागेवर आला. मी अधूनमधून तिचं मनगट धरून पाही. ती म्हणे, "काय, गोड हाय का आंबट?"

असं बारा-तेरा वर्षं चाललं. मग तिच्या पावलांवर सूज यायला लागली, आणि नवा डॉक्टर आला, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवणारा. त्यानं रक्त तपासलं, गोळी बदलली आणि म्हणाला, "आता संत्री बंद. केळी बंद. शहाळंही नको."

मी खुर्चीतून उठलो. "तुमी लोक एक काय ते ठरवा जी! एक म्हनते, संत्रं नाई देल्लं म्हनून बाई मरत होती. दुसरा म्हनते, देल्लं तं मरन. आमी काय खेळनं हावोत?"

"बसा बाबा," तो म्हणाला. "आधीची गोळी पोटॅशियम बाहेर टाकत होती. ही गोळी ते धरून ठेवते. आता वरून जास्त घातलं तर रक्तात साठेल. जास्त झालं तरीही ठोका बिघडतो."

"म्हंजे कमी झालं तरी तेच, अन् जास्त झालं तरी तेच?"

"तेच."

"मंग हे औषध हाय का डोंबाऱ्याची दोरी?"

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "दोरीच आहे," म्हणाला. हसला नाही. म्हणून त्याचं ऐकलं. ऐकलं म्हणजे मिठासारखंच ऐकलं. घरात संत्र्याची सालसुद्धा येऊ दिली नाही. गल्लीतून संत्र्याची गाडी गेली तर मी दार लावून घ्यायचो. पिशवी परत रिकामी झाली. पण चौकीदार बदलला होता. नव्याला माझं काही माहीत नव्हतं. तो रिकामी पिशवीही उघडून पाही, झटकून.

पुढच्या मृग बहारात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, ती एक दिवस ओट्यावर बसली होती. म्हणाली, "इतके वर्षं तुमी मले संत्रं खाऊ घातलं."

"मंग?"

"ते डाक्टरीनबाईनं सांगतलं म्हनून. त्याच्या आधी नाई घातलं, ते तुमच्या रीतीनं. आता बंद केलं, ते या डाक्टरनं सांगतलं म्हनून." तिनं पदर सारखा केला. "तुमच्या मनानं मले एकबी संत्रं नाई भेटलं."

मी रिकामी पिशवी झटकली आणि खुंटीला टांगली.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरला विचारलं, "एक फोड चालते काय?" त्यानं रक्ताचा कागद पाहिला, खालून वर, वरून खाली. "आज आकडा ठीक आहे. एखाद्या वेळी दोन फोडी चालतील. रोज नाही. आणि पूर्ण संत्रं तर नाहीच."

दुसऱ्या दिवशी मी ढिगापाशी सकाळपासून बसलो. माझं काम वेगळं चाललं होतं आणि हात वेगळंच शोधत होता. शेकडो फळं हातावर आली. एकाची साल पातळ पण वजन कमी. एक जड पण देठाशी मऊ. छाटणीवाले म्हणाले, "काय म्हातारबा, आज पेट्या भरनार का नाई?" दुपार उतरायला आली तेव्हा एक मिळालं. पैसे दिले, पिशवीत टाकलं, फाटकावर नव्या चौकीदारानं पिशवी झटकायच्या आधी मीच उघडून त्याच्या नाकासमोर धरली. "एक हाय. मोजून घे."

घरी ओट्यावर बसून मीच सोललं. दोन फोडी काढल्या, वरचे धागे साफ केले, तिच्या हातावर ठेवल्या. तिनं एक तोंडात टाकली. डोळे मिटून बसली. मग दुसरी, जरा वेळानं. मी वाट पाहत होतो.

उरलेल्या आठ फोडी माझ्या हातात होत्या. तिला देता येत नव्हत्या. फेकायच्या म्हणजे पहिल्या वाट्यातलं फळ फेकायचं. मी एक तोंडात टाकली. तीस वर्षांहून जास्त काळ मी त्या फळाला हात लावला होता, तोंड पहिल्यांदा.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"ठीक हाय," मी म्हटलं. "साल जराशी जाड निघाली."